कंपनीचं ईमेल न्यूजलेटर कुणी वाचतच नाही, काय बदलू?

प्रश्न (गोशिमा_एचआर):
नमस्कार मंडळी, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतकामाचा कारखाना) एचआरला आहे. दर महिन्याला सगळ्या स्टाफला ईमेलनं न्यूजलेटर जातं, एमडी साहेबांचा संदेश, ऑडिटचे फोटो, वाढदिवस, नवीन ऑर्डरी वगैरे. डिझायनर सगळं एकाच इमेजमध्ये बसवून देतो आणि ती आम्ही टूलमधून पाठवतो. रिपोर्टात ओपन रेट (किती जणांनी मेल उघडला ते) चांगला दिसतोय पण कॅन्टीनमध्ये विषय काढला की कुणाला काहीच माहीत नसतं. मनापासून करतोय हो, सांगा काहीतरी.

शिरोलीकर:
आधी ती एकच इमेज बंद करा. आउटलूकमध्ये बाहेरून येणारी चित्रं बऱ्याचदा आपोआप दिसतच नाहीत, आणि फोनवर दिसली तरी अक्षरं एवढी बारीक होतात की झूम करत कोण बसणार. मजकूर मेलमध्येच टाइप करा, फोटो एखाद-दुसरा. ओपन रेटवर पण जाऊ नका, तो एका लपलेल्या चित्रावरून मोजतात, आणि ॲपल मेल 2021 पासून ते चित्र स्वतःच लोड करतंय, माणूस वाचो न वाचो. त्यापेक्षा लिंकवर किती जणांनी क्लिक केलं, रिप्लाय किती आले ते बघा.

मशीनशॉप_सुपरवायझर:
मी वाचणाऱ्या बाजूनं सांगतो. सब्जेक्टला 'न्यूजलेटर जुलै' असं असलं की आम्ही पुढं सरकतो, 'दिवाळीची सुट्टी आणि बोनसची तारीख' असं लिहा की, लगेच उघडतील सगळे. आत पण आमच्या उपयोगाचं पायजे. आता इन्क्रिमेंट झालं की पोरं विचारत्यात, पगार लिमिटच्या वर गेला मग ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लगेच बंद होतो का? तर चालू सहामाही, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर नाहीतर ऑक्टोबर ते मार्च, संपेपर्यंत वर्गणी कापतात आणि कार्ड पण चालतं. एवढं चार ओळीत साध्या मराठीत दिलं तर टाइम ऑफिससमोरची गर्दी कमी होईल बघा. फेटलिंगमधल्या (ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्या) कोणाचा फोटो नावासकट आला, रिजेक्शन कमी कसं केलं ते त्याच्याच शब्दात आलं, तर ते घरी पण दाखवतील.

पंचगंगाकाठ:
वरच्याला पूर्ण सहमत. एक भर घालतो, मोल्डिंगवाल्यांकडं कंपनीचा मेल आयडी असतोय कुठं? त्यांच्यासाठी तोच मजकूर एका पानावर छापून पंचिंग मशीनशेजारी लावा, बाहेरची पोरं असतील तर हिंदीत पण. आणि तातडीचं काही न्यूजलेटरमध्ये ठेवू नका. 2019 ला आणि 2021 ला पुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा बस येणार का, शिफ्ट आहे का हे लोकांना त्याच तासाला कळायला हवं होतं, ते व्हॉट्सॲपचं आणि फोनचंच काम. पण रस्ता बंद झाला तर कुणाला फोन करायचा, हजेरी कशी धरणार, हे जूनच्या अंकात सगळ्यात वर द्या.

गोशिमा_एचआर:
मनापासून आभार सगळ्यांचे. साहेबांचा संदेश काढू म्हटलं तर अवघड आहे, काय करू?

मशीनशॉप_सुपरवायझर:
काढू नका, खाली घ्या आणि तीन ओळीत बसवा. साहेबांना म्हणावं, कामगारांनी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर दर महिन्याला द्या, ते आम्ही नक्की वाचू.