'टेम्पेस्ट'मधला कॅलिबन संकासुराच्या वेषात आणावा का?

कुडाळकर: मंडळी, आमचं हौशी मंडळ यंदा शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' करतंय. त्यात मिलानचा पदच्युत ड्यूक प्रॉस्पेरो एका बेटावर येतो आणि तिथल्या कॅलिबनला गुलाम करतो. मला ते ऑस्ट्रेलियात नेऊन बसवायचंय. प्रॉस्पेरो म्हणजे १७८८ साली सिडनी कोव्हला उतरलेला इंग्रज, कॅलिबन तिथला मूळचा माणूस. पहिल्याच अंकात कॅलिबन प्रॉस्पेरोला म्हणतो, हे बेट माझं, आईकडून आलेलं. तू आलास तेव्हा मला गोंजारलंस, म्हणून मी तुला गोड्या पाण्याचे झरे दाखवले. तिथल्या वसाहतीचा पहिला गव्हर्नर फिलिप, त्याने सिडनीची जागा निवडली तीही गोड्या पाण्याच्या ओहोळासाठीच. १८२६ पर्यंत तो ओहोळ इतका नासला की त्याचं पाणी वापरणंच सोडावं लागलं. हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. पण वेषावर गाडी अडलीय. आमच्यातले जुने दशावतारी म्हणतात संकासूर करा: काळा वेष, तोंडात मालवणी, लोक लगेच आपला म्हणतील. करू का? पार्श्वसंगीताला डिजरीडू, म्हणजे तिथल्या मूळ लोकांचं लांब लाकडी फुंकवाद्य, ठेवायचा विचार आहे.

वेंगुर्लेकर: नको दादा. संकासूर आड दशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात येतो, लोकांना हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. देवळासमोर बसलेली माणसं त्याला बघून हसायच्या तयारीतच असतात. तुमच्या कॅलिबनने 'बेट माझं' म्हटलं की हशा पिकेल आणि प्रवेश गेला! तोंडाला काळं फासणं तर अजिबात नको, तिकडच्या लोकांची तशी नक्कल करून गोऱ्यांनी पिढ्यानपिढ्या करमणूक केलीय. डिजरीडू उत्तर ऑस्ट्रेलियातलं, सिडनीच्या मूळच्या गडिगल लोकांचं नव्हे. त्यापेक्षा नुसती लाटांची गाज पुरे.

आणि प्रॉस्पेरोच्या मुलीवर, मिरांडावर हात टाकल्याचा आरोप कृपा करून कापू नका. कॅलिबन तो नाकारत नाही, त्याला सज्जन करायची गरजही नाही. पण क्रम बघा. तो जमिनीचं बोलतो, प्रॉस्पेरो त्याच्या वागणुकीचं. बेट कोणाचं याला उत्तर मिळतच नाही. तिथे नटाला थांबायला सांगा, पुढचं वाक्य उशिरा येऊ दे.

रोह्याची_ताई: आमच्याकडे कातकरीवाड्या आहेत. कितीतरी वाड्यांत घर यांचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर. खैराचा कात काढून जगणारी माणसं, इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी रान बंद झालं, आता दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. तरी कॅलिबनला कातकरी करू नका. दोन्ही दुःखं एकात कालवली की दोन्ही फिकी पडतील. प्रयोगाला मात्र वाडीतल्या माणसांना बोलवा, आणि पुढच्या रांगेत बसवा.

कुडाळकर: संकासूर रद्द. ताई, वाडीतल्यांना बोलवायला मी स्वतः जाईन.

आता शेवट. शेक्सपिअरचा प्रॉस्पेरो बेट सोडून मिलानला निघतो. सिडनीला आलेले परत गेले नाहीत, वर ही जमीन कोणाचीच नव्हती असं कायद्यानेच मानलं. ते उलटायला ३ जून १९९२ उजाडावा लागला. मेर बेटाच्या एडी माबोने लढलेला खटला तिथल्या उच्च न्यायालयात (तिकडे तेच सर्वोच्च) जिंकला गेला, पण तो स्वतः त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. मेरचे लोक टॉरेस सामुद्रधुनीतले, गडिगलांहून वेगळे, हे सूत्रधाराच्या तोंडी स्पष्ट येईल. म्हणून माझा प्रॉस्पेरो सामान बांधतो, निरोपाचं भाषण करतो आणि जातच नाही. संहितेत एवढा बदल चालेल ना, वेंगुर्लेकर?

वेंगुर्लेकर: चालेल काय, करायलाच हवा. तालीम कधी आहे ते कळवा, मी येतो.