ऑस्ट्रावाच्या शाळा

युरोपातल्या रोमा या अल्पसंख्य समाजातल्या पालकांनाच मुलांच्या शिक्षणाची पर्वा नाही, असं काही जण म्हणतात. चेक प्रजासत्ताकातलं ऑस्ट्रावाचं प्रकरण बघा. तिथल्या १८ रोमा मुलांना मंदबुद्धी मुलांसाठीच्या 'विशेष शाळां'त टाकलं होतं. ती मुलं शेवटी स्ट्रासबुर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेली. त्या शहरात रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती, हा आकडा तिथे मांडला गेला. एवढी मंदबुद्धी एकाच समाजात कुठून येणार?

मेख या शाळांत पाठवण्याआधी घेतल्या जाणाऱ्या बुद्धिमत्ता चाचणीत होती. प्रश्न बहुसंख्य चेक मुलांना समोर ठेवून बेतलेले, त्यामुळे वेगळ्या घरात वाढलेलं सहा वर्षांचं पोर तिथेच अडखळायचं. मग पालकांपुढे विशेष शाळेला संमती देणारा तयार फॉर्म यायचा आणि ते सही करायचे. सरकारने याच सह्या पुढे केल्या. २००६ मध्ये निकाल मुलांच्या विरोधात गेला. २००७ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो १३ विरुद्ध ४ मतांनी फिरवला आणि भेदभाव न होण्याचा हक्क असा सही करून सोडता येत नाही, असं सांगितलं.

निकाल येईपर्यंत सरकारने कायद्यातून 'विशेष शाळा' हे नावच काढून टाकलं होतं. पाटी बदलली, पण वर्ग बरेचसे तेच राहिले. आपल्याकडच्या सरकारी खात्यांनाही ही कला चांगली अवगत आहे म्हणा! शेजारच्या स्लोव्हाकियात तर २०१५ मध्ये याच कारणावरून युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपियन युनियनच्या कार्यकारी संस्थेने, कारवाई सुरू केली.