जॅझ बेसच्या धर्तीवरचा स्वस्त बेस: एक नॉब कमी केला की हमिंग. पिकअप बदलू का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं साधी गिटार वाजवून चार महिन्यांपूर्वी बेस गिटारकडे वळलो. माझा बेस १९६० साली आलेल्या फेंडर जॅझ बेसच्या धर्तीवरचा, पण स्वस्तातला आहे. ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी), दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, एकाच वेटोळ्याचे चुंबकी भाग), दोन व्हॉल्यूम, एक टोन. नटपाशी (वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) नेक जेमतेम ३८ मिमी, त्यामुळे डावा हात पहिल्याच दिवशी रुळला. या वाद्यावर माझा खरंच जीव जडलाय.

दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की आवाज स्वच्छ येतो. पण मला हवा असतो तो नुसत्या ब्रिजकडच्या (तारा खाली जिथे टेकतात त्या बाजूच्या) पिकअपचा खणखणीत, सुटा आवाज. त्यासाठी नेककडचा नॉब खाली आणला की घूंऽऽ सुरू! तारांवर तळवा टेकवला की थोडं कमी होतं, उचलला की परत. लॅपटॉपसमोर बसलो की सगळ्यात जास्त, खुर्ची थोडी फिरवली की कमी. रेकॉर्डिंगमध्ये दोन सुरांच्या मधल्या जागेत ते फार खुपतं.

केबल आणि अ‍ॅम्प बदलून पाहिले, फरक नाही. नॉबची पट्टी उघडली तर आत बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारी कॉपर टेप नाही, नुसता काळा रंग फासलाय.

दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असल्याने ते सारख्या व्हॉल्यूमवर एकमेकांचं हमिंग मारतात, एवढं कळलं. मित्र म्हणतो, हा विकून फेंडरच्याच प्रिसिजन बेससारखा घे, त्यातला १९५७ पासूनचा दोन तुकड्यांचा पिकअप मुळातच शांत असतो. पण तो आवाज वेगळा, मला हाच हवाय.

कॉपर टेपने काम भागेल का? की हम न करणारे पिकअप बसवू? आणि फक्त ब्रिजकडचा बदलला तर जोडीचा फायदा जाईल ना?

प्रतिसाद
तारांना हात लावल्यावर कमी होतं, म्हणजे ब्रिजची अर्थिंग ठीक आहे. टेपने वरची चरचर बरीच जाईल. खालचं घुमणं मात्र चुंबकीय असतं, ते टेपला दाद देत नाही. तुमची शंका बरोबर आहे: पिकअप बदलायचे तर दोन्ही बदला. त्याआधी टेप लावून बघा, फक्त सगळे तुकडे अर्थला जोडलेत का ते मल्टिमीटरने तपासा आणि जॅकचं सिग्नलचं टोक टेपला टेकू देऊ नका, नाहीतर आवाजच बंद होईल.