मदत हवी आहे: चांदीच्या दागिन्यांचे फोटो काढायला कमी खर्चात कोणता कॅमेरा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझी मावसबहीण चांदीची कानातली, अंगठ्या, पेंडंट हाताने घडवते आणि ऑनलाइन विकते. फोटोंचं खातं माझ्याकडे आहे. आजवर फोनवर निभावलं, पण आता पुरत नाही असं दोघींचंही मत झालंय. तारकामाचं कानातलं झूम करून पाहिलं की तारा एकमेकींत मिसळून नुसता राखाडी लगदा दिसतो. पोर्ट्रेट मोड लावला तर कानात अडकवायचा आकडाच मागच्या कागदासोबत धूसर होतो. आणि अंगठीच्या गुळगुळीत पट्टीवर फोन, माझे हात, मागचं कपाट असे सगळे हजेरी लावतात.

बजेट म्हणाल तर अगदी सुरुवातीचा नवा डीएसएलआर किट लेन्ससकट जेवढ्याला येतो, साधारण तेवढं. दिवे आणि ट्रायपॉडही त्यातच बसवायचे आहेत, म्हणजे खरं तर कॅमेऱ्याच्या वाट्याला त्याहून कमीच येणार.

वापर फक्त एका टेबलावर. हा कॅमेरा सहलीला जाणार नाही, लग्नाला जाणार नाही, व्हिडिओही नको. वस्तू मोठ्यात मोठी तळहाताएवढी, लहानात लहान म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटरचा कानातला खडा.

आत्तापर्यंत शोधाशोध करून डोक्यात असलेले पर्याय: नवा कॅनन १५००डी, सेकंडहँड कॅनन ७००डी किंवा निकॉन डी७१००, सेकंडहँड सोनी ए६०००. ओळखीच्या एकाने "घ्यायचाच तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) घे, जुना ६डी बघ" असं सांगून अजून गोंधळ वाढवला. त्याशिवाय "५० मिमी एफ/१.८ घे, स्वस्त आणि मस्त" हे तर प्रत्येक जण सांगतो.

मला विचारायचंय ते असं: या कामाला १८ मेगापिक्सेल कमी पडतील का? ५० मिमीने दागिन्यांचं काम होईल का? आणि पैसे कमी असताना कात्री कुठे लावावी, बॉडीला, लेन्सला की दिव्यांना?

प्रतिसाद

फोन बदलू नका, दिवे घ्या. अर्धं काम तिथेच होतं. फोनमध्ये ३एक्स (तिप्पट जवळचं दाखवणारी टेली) लेन्स असेल तर ती वापरून थोडं लांबून काढा, आकार वेडेवाकडे येणार नाहीत.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादातला दिव्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ३एक्सचा मात्र दागिन्यांसाठी नाही. बऱ्याच फोनची टेली लेन्स इतक्या जवळ फोकसच करू शकत नाही. मग फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातो आणि त्याचंच चित्र कापून मोठं करून दाखवतो. खात्री करायची असेल तर टेली लेन्सवर बोट ठेवा. तरी चित्र दिसत राहिलं तर समजा फसवणूक चालू आहे. धागाकर्तीचा राखाडी लगदा यातूनही येत असेल.

आता मूळ प्रश्न. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत जे जे मिरवतात, त्यातलं बहुतेक तुमच्या टेबलावर बिनकामाचं आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर न हलणारी वस्तू, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक, आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/८ ते एफ/११. अशा वेळी अंधारात किती चांगला, सेकंदाला फोटो किती, डोळ्यावर फोकस धरतो का, याला कोण विचारतो? (स्टॅबिलायझेशन तर ट्रायपॉडवर उलट बंद ठेवायचं.) तुम्हाला हवं ते एवढंच: रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो), लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) चित्र दहापट मोठं करून हाताने फोकस करायची सोय, आणि कॅमेरा लॅपटॉपला जोडून तिथूनच चालवता येणं. हे दहा वर्षांपूर्वीच्या बॉडीतही मिळतं. म्हणून कात्री बॉडीला लावा, बिनधास्त.

माझं मत ७००डीला. २०१३चा, १८ मेगापिक्सेलचा, बाहेर वळणारा स्क्रीन, आणि लॅपटॉपवरून कॅमेरा चालवायचं कॅननचं ईओएस युटिलिटी हे सॉफ्टवेअर फुकट. डी७१००चा सेन्सर खरं तर सरस आहे, २४ मेगापिक्सेल आणि त्यावर बारीक तपशील किंचित मऊ करणारा लो-पास फिल्टरही नाही. तो चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर नाही म्हणू नका, विंडोजवर डिजीकॅमकंट्रोल हे फुकटचं सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर चालतं. ए६०००ही चालेल, फक्त फ्लॅश वापरताना मेन्यूत जाऊन सेटिंग इफेक्ट बंद करावा लागतो. नाहीतर स्क्रीन काळाकुट्ट दिसतो आणि माणूस कॅमेरा बिघडला म्हणून दुकान गाठतो.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर अ‍ॅमेझॉनवर लांब बाजू १००० पिक्सेलची असली की झूम चालू होतो. १८ मेगापिक्सेलमध्ये लांब बाजू ५१८४ पिक्सेलची असते. खरा प्रश्न असा की त्या ५१८४ पैकी तुमच्या कानातल्याच्या वाट्याला किती येतात, आणि ते ठरवते लेन्स.

५० मिमी एफ/१.८ एसटीएम ३५ सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही. तिचं सर्वाधिक मॅग्निफिकेशन (वस्तूच्या खऱ्या आकाराच्या तुलनेत सेन्सरवर पडणारं चित्र) ०.२१. सेन्सर २२.३ मिमी रुंद, म्हणजे अगदी जवळ गेलात तरी चौकटीत सुमारे १०६ मिमी रुंदी येणार. अडीच सेंटिमीटरच्या कानातल्याला जेमतेम १२०० पिक्सेल मिळतात, बाकीचा सगळा कागद. ७००डीबरोबर येणारी १८-५५ एसटीएम, जिला सगळे नावं ठेवतात, ती २५ सेंटिमीटरवर ०.३६ देते. तेच कानातलं २००० पिक्सेलच्या वर जातं. दागिन्यांसाठी ५० मिमीपेक्षा किट लेन्स बरी, हे वाक्य कुठल्याही दुकानात कोणी ऐकवणार नाही.

खरी लेन्स म्हणजे मॅक्रो, अगदी जवळून काढायची. कॅननची ईएफ-एस ६० मिमी एफ/२.८ मॅक्रो सेकंडहँड शोधा. ती १:१ जाते (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकारात येते), तुमचा एक सेंटिमीटरचा खडा चौकटीची जवळजवळ निम्मी रुंदी व्यापेल. टॅमरॉनची ९० मिमी मॅक्रोही उत्तम, शिवाय वस्तूपासून जरा लांब राहता येतं, त्यामुळे लेन्सची सावली पडत नाही. निकॉन घेतलात तर ४० मिमी मायक्रो स्वस्त पडते, पण १:१ला ती दागिन्याच्या नाकावर जाऊन बसते आणि उजेडाला वाटच उरत नाही.

धागाकर्ती

बापरे, ५० मिमी जवळजवळ घेतलीच होती! धन्यवाद. मॅक्रो लगेच जमली नाही तर एक्स्टेन्शन ट्यूबने भागेल का? आणि फुल फ्रेमचं काय? लाइट बॉक्सबद्दलही सांगा, घडीचे मिळतात ते.

प्रतिसाद

ट्यूबने (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये लावायची नळी) भागतं. हिशोब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, तेवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ५० मिमीवर २० मिमीची ट्यूब लावली की ०.४ वाढून साधारण ०.६ होतं. कोणाची ५० मिमी घरात पडून असेल तर मागून घ्या. ट्यूब घेताना आत सोनेरी संपर्कबिंदू असलेलीच घ्या. अगदी स्वस्तातल्या नुसत्या पोकळ नळ्या असतात, त्यात कॅननच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, ते उघडंच राहतं. मग अंगठीचा पुढचा काठ तेवढा स्पष्ट आणि बाकी सगळं धुक्यात.

फुल फ्रेम विसरा. त्याच चौकटीत तेवढीच खोली (वस्तूचा पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती) मिळवायला तिथे अ‍ॅपर्चर सव्वा-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) जास्त बंद करावं लागतं. तुमच्या कामात त्याचा फायदा शून्य, आणि लेन्सही महाग.

खोलीवरून आठवलं. १:१ला एफ/८वर एक मिलिमीटरसुद्धा खोली स्पष्ट मिळत नाही. मग एफ/२२ करावं असं वाटतं, पण तिथे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. त्यावर उपाय फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो एकत्र करणं. ईओएस युटिलिटीच्या लाइव्ह व्ह्यू खिडकीत फोकस पुढेमागे सरकवायची बाणांची बटणं असतात, लहान, मध्यम, मोठं पाऊल. लेन्स एएफवर ठेवायची, दागिन्याच्या सगळ्यात पुढच्या कडेवर फोकस धरायचा, एक फोटो, लहान बाण, परत फोटो, असं मागच्या कडेपर्यंत जायचं. कॅमेऱ्याला हातसुद्धा लागत नाही. नंतर फोटोशॉपमध्ये किंवा एन्फ्यूजसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये एकत्र करायचे. प्रत्येक वस्तूला हे करू नका, वेड लागेल. मुख्य फोटोपुरतं पुरे.

प्रतिसाद

१५००डी नवा घ्यायचा विचार अजून असेल तर एक बघून ठेवा. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांच्या हॉटशूत (वरती फ्लॅश बसवायची खाच) मधली पिनच नाही. साधे स्वस्त मॅन्युअल ट्रिगर आणि फ्लॅश त्या पिनवरच चालतात, त्यामुळे ते या बॉडीवर पेटत नाहीत. ७००डीत पिन आहे. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, "सगळे फ्लॅश चालतात" असंच म्हणतो.

धागाकर्ती

पण फ्लॅश लागतोच का? मी एलईडी घ्यायचं म्हणत होते.

प्रतिसाद

तुम्ही एलईडीच घ्या. फ्लॅश लागतो तो हलणाऱ्या गोष्टीला. अंगठी कुठे पळून जातेय? एक सेकंदाचं शटर ठेवलं तरी चालतं, फक्त फोटो चालू असताना टेबलाला धक्का नको, आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. चांदीला तर एलईडी जास्त सोयीचा, कारण कुठला पुठ्ठा हलवल्यावर धातूवर काय बदललं ते तिथल्या तिथे डोळ्यांना दिसतं. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा वर असलेला घ्या आणि दोन्ही दिवे एकाच मॉडेलचे. काम करताना खोलीतला दिवा बंद, खिडकीवर पडदा. दोन रंगांचे उजेड मिसळले की चांदी एका बाजूने पिवळी, दुसऱ्या बाजूने निळी येते, आणि ते नंतर सुधारणं म्हणजे डोकेदुखी.

लाइट बॉक्सबद्दल (आतून पांढरा, उजेड पसरवणारा खोका) माझं मत जरा कडू आहे. मातीच्या, लाकडाच्या वस्तूंना ठीक. चांदीला चारही बाजूंनी पांढरं दिसलं की ती चांदी वाटतच नाही, राखाडी प्लास्टिक वाटते. शिवाय पुढच्या भोकाचा काळा ठिपका प्रत्येक गोल भागावर येतो. चांदीचा फोटो म्हणजे चांदीत दिसणाऱ्या भोवतालच्या जागेचा फोटो. म्हणून ती जागा आपण बनवायची. दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर ताणून लावा, दागिन्यापासून वीतभर अंतरावर. दिवा त्या कागदापासून मागे नेला की धातूवरची चमक पसरते, जवळ आणला की मध्ये तेज आणि कडेला उतरती छटा मिळते. हीच छटा अंगठीला गोलाई देते. समोरून पांढरा पुठ्ठा, त्याला लेन्सपुरतं भोक. मग काळ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा आणि दागिन्याच्या बाजूला, चौकटीच्या अगदी बाहेर उभी करून हळूहळू सरकवा. एका जागी आली की पट्टीची काळी रेघ बरोबर कडेवर उतरते आणि दागिना पांढऱ्या कागदावरून सुटून उठतो. तुमचं ते कपाट आणि हात याच पुठ्ठ्यांमागे गायब होतील. पोलरायझर (चमक कमी करणारा लेन्सचा फिल्टर) मात्र यासाठी घेऊ नका, उघड्या धातूवरची चमक त्याने जात नाही.

मागचा कागद शुद्ध पांढरा, म्हणजे २५५-२५५-२५५ हवा असेल तर त्यावर दागिन्यापेक्षा एखादा स्टॉप जास्त उजेड पाडा. त्याहून जास्त नको, कडा खाल्ल्या जातात.

धागाकर्ती

ठरलं मग. ७००डी किट लेन्ससह, ट्यूब, दोन एलईडी, आणि पुढे जमेल तेव्हा ६० मिमी मॅक्रो. एक सेकंडहँड ७००डी बघून ठेवलाय, या आठवड्यात पाहायला जायचंय. तिथे काय काय तपासू?

प्रतिसाद

एफ/१६ करून पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, पण त्यावर किंमत पाडून मागा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी, सरळ परत या. शटर सुमारे १ लाख वेळा चालेल असं धरलेलं असतं, किती झालेत ते विचारा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच मिळतो, कॅननच्या या बॉडीत संगणकाला जोडून वेगळ्या प्रोग्रॅमने काढावा लागतो.

म्हणून लॅपटॉप सोबत न्या, ईओएस युटिलिटी आधीच घालून ठेवा आणि पैसे देण्याआधी जोडून एक फोटो काढून बघा. यूएसबीचं तोंड सैल झालेलं असेल तर तुमच्यासाठी तो कॅमेरा निरुपयोगी. केबल मिनी-यूएसबीची लागते, फोनची बसत नाही. विकणाऱ्याकडे असेलच असं नाही, तेव्हा आपली घेऊन जा.