मदत हवी आहे: उंबरठा ६७ टक्क्यांचा, मग साथ ९४ टक्क्यांवर का थांबते?

साथरोगांचं साधं एसआयआर मॉडेल (केरमॅक-मॅकेंड्रिक, १९२७) स्प्रेडशीटमध्ये मांडलंय; त्यात लोकांचे तीन गट असतात: लागण होऊ शकणारे, आजारी आणि बरे झालेले. लोकसंख्या १०,०००, सुरुवातीला एकच रुग्ण, संसर्गाचा दर दिवसाला ०.३, बरं होण्याचा ०.१. म्हणजे आर-नॉट (कुणालाच प्रतिकारशक्ती नसताना एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो, तो आकडा) ३. सूत्राप्रमाणे (१ − १/३) समूह प्रतिकारशक्तीचा उंबरठा (इतक्या लोकांना प्रतिकारशक्ती आली की साथ वाढत नाही) ६७ टक्के. पण साथ संपते तेव्हा ९४ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली असते!

आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. एका दिवसाऐवजी ०.१ दिवसाची पायरी घेऊन पाहिली, फरक नगण्य. तिन्ही रकान्यांची बेरीज प्रत्येक ओळीत १०,०००च येते. जन्म-मृत्यू, पुन्हा लागण वगैरे काहीच धरलेलं नाही. मग सुरुवातीलाच ६७ टक्के लोकांना लस दिलेली धरली (लस शंभर टक्के परिणामकारक, हेही गृहीतच), तर साथ उठतच नाही. म्हणजे सूत्र बरोबर.

रुग्णसंख्येचं शिखर उंबरठ्यापाशीच येतं, तेव्हा सुमारे ३,००० जण आजारी असतात आणि ते पुढे लागण देत राहतात, इथपर्यंत कळलं. अडतं पुढे. तिथून प्रत्येक रुग्ण सरासरी एकाहून कमी जणांना लागण देतो, तरी आणखी २,७०० जण कसे सापडतात, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कॅल्क्युलस न वापरता कसं समजावाल? आणि सगळे सगळ्यांत सारखेच मिसळतात, या गृहीतकामुळे हा ९४चा आकडा फुगलाय का?