‘हा किल्ला कधीच पडला नाही’ : शोननबूरच्या भुयारात पडलेला एक प्रश्न

भुईकोट (धागालेखक)

गेल्या महिन्यात फ्रान्सच्या ईशान्य कोपऱ्यात, आल्सास प्रांतातल्या हुन्सपाख गावाजवळचा शोननबूरचा भूमिगत किल्ला पाहून आलो. आम्ही जर्मनीत कार्ल्सरूऽ येथे राहतो, तेथून मोटारीने हे ठिकाण जवळच आहे. जर्मन सीमेवर फ्रान्सने १९३० नंतर जी मॅजिनो तटबंदी उभारली, तिच्यातला हा एक मोठा किल्ला. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तट, बुरूज आणि महादरवाजा येतो. येथे यातले काहीच दिसत नाही. झाडीत काँक्रीटचे एक तोंड आहे, त्यातून जिना उतरत गेले की वीस-तीस मीटर खोलीवर सुमारे तीन किलोमीटर लांबीचे बोगदे पसरलेले आहेत. आत बाराही महिने १३ अंशांच्या आसपास गारवा असतो, त्यामुळे भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

सहाशेहून अधिक सैनिक या भुयारात महिनोन्‌महिने राहत होते. विजेवर चालणारे स्वयंपाकघर, दवाखाना, पाण्याचे साठे, चार डिझेल इंजिनांचे वीजघर आणि दारूगोळा वाहून नेणाऱ्या डब्यांसाठी घातलेले ६० सेंटिमीटर रुंदीचे रूळ हे सगळे अजून जागच्या जागी आहे. विषारी वायूच्या हल्ल्याची भीती होती म्हणून हवा गाळून आत घेत आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवत, म्हणजे फटींतून वायू आत शिरण्याऐवजी आतली हवाच बाहेर पडत राही. ही युक्ती मला विशेष आवडली. सर्वांत शेवटी तोफांचे पोलादी घुमट येतात. प्रतितोलाच्या वजनामुळे ते गोळे झाडण्यापुरते वर उचलले जातात आणि काम झाले की पुन्हा जमिनीसरसे खाली बसतात.

ज्या वाक्यासाठी हा धागा काढला ते आता सांगतो. तेथील एका वयस्कर स्वयंसेवकाने मोठ्या अभिमानाने सांगितले की, हा किल्ला कधीच पडला नाही. तपशिलाच्या दृष्टीने ते खरेच आहे. जून १९४० मध्ये जर्मनांनी त्याच्यावर विमानांतून बाँब टाकले, ४२० मिलिमीटरच्या अजस्र तोफेने मारा केला, तरीही आतली शिबंदी लढत राहिली. युद्धबंदीचा करार २२ जूनला झाला, तो २५ जूनपासून लागू झाला, आणि या किल्ल्याने दार उघडले ते १ जुलैला, तेही आपल्याच वरिष्ठांचा आदेश आल्यावर.

माझा आक्षेप असा की, हे वाक्य खरे असूनही दिशाभूल करणारे आहे. आपण ‘गड आला, पण सिंह गेला’ असे म्हणतो, तेव्हा निदान गड तरी हाती आलेला असतो. येथे गड राहिला आणि राज्यच गेले. ज्या भूमीच्या रक्षणासाठी किल्ला बांधला ती भूमी सहा आठवड्यांत शत्रूच्या ताब्यात गेल्यावर ‘न पडणे’ याला काय अर्थ उरतो? माणूस तीन तास घुमट, इंजिने आणि गाळण्या पाहत हिंडतो व बाहेर पडताना मनात यंत्राचे कौतुक तेवढे घेऊन जातो. परतीच्या वाटेवर माझ्या बारा वर्षांच्या मुलाने विचारले, ‘‘बाबा, मग हरले कोण?’’ मला नीट उत्तर देता आले नाही. हा दोष माझा, की संग्रहालयाचा?

तोलकाटा

लेखन आवडले, मत मात्र पटले नाही. मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे माझा कल बांधकामाकडे असणार हे आधीच मान्य करतो.

कोणत्याही बांधकामाचा हिशेब ते कशासाठी बांधले यावरून करावा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक मारले गेले. त्या चार वर्षांत मुलेही फार कमी जन्मली, आणि ती सैन्यभरतीच्या वयाला येणार होती १९३५ नंतर. म्हणजे ऐन धोक्याच्या काळात फ्रान्सकडे माणसेच अपुरी असणार, हे कागदावर आधीच दिसत होते. थोड्या माणसांनी लांब सीमा धरून ठेवायची, उरलेल्या सैन्याची जमवाजमव होईपर्यंत वेळ मिळवायचा आणि शत्रूला सरळ वाटेने न येऊ देता बेल्जियमकडून वळसा घ्यायला लावायचे, यासाठी जानेवारी १९३० मध्ये संसदेने २९० कोटी फ्रँक मंजूर केले. युद्धमंत्री आंद्रे मॅजिनो स्वतः १९१४ मध्ये वेर्दँजवळ जखमी होऊन आयुष्यभर लंगडत चालणारे गृहस्थ होते. ते १९३२ च्या जानेवारीत वारले, तटबंदी पुरी झालेली त्यांनी पाहिलीच नाही, आणि आज त्यांचे नाव जगभर मूर्खपणाला समानार्थी म्हणून वापरले जाते. याला मी अन्याय म्हणतो.

मे १९४० मध्ये जर्मन आले ते तटबंदी फोडून नव्हे, तर आर्देनच्या जंगलातून, आणि १३ मे रोजी त्यांनी सेदाँजवळ म्यूज नदी ओलांडली. त्या वेळी फ्रान्सची उत्तम सैन्यदले बेल्जियममध्ये आणि पार हॉलंडच्या ब्रेडापर्यंत धाडलेली होती, व खिंडार बुजवायला मागे राखीव फौज नव्हती. धरणाची भिंत शाबूत आहे आणि कालवा मात्र फुटला, अशा वेळी आपण भिंतीला दोष देतो का? दक्षिणेत इटलीच्या सीमेवर माँतोंजवळच्या पाँ-सँ-लुई नावाच्या इवल्याशा चौकीत अवघे नऊ सैनिक होते. इटालियन फौजेला ती युद्धबंदीपर्यंत घेता आली नाही. शोननबूरच्या बाबतीतही २० जूनला ओबररोडर्नच्या बाजूच्या लहान ठाण्यांवर झालेला हल्ला या किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यामुळेच परतला. त्या ठाण्यांतल्या सैनिकांना ‘न पडण्याचा’ अर्थ नक्कीच समजला असेल.

राहता राहिला तो स्वयंसेवक. सैन्याने सोडून दिल्यावर असल्या भुयारांचे काय होते? पाणी झिरपते, तांब्याच्या तारा चोरीला जातात, गंज चढतो. शोननबूर आज उभा आहे तो १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या सुट्ट्या त्यात घालवणाऱ्या मंडळींमुळे. जुने डिझेल इंजिन जपणे म्हणजे काय असते हे मला ठाऊक आहे. त्यांना एका वाक्याचा अभिमान बाळगू द्यावा.

मृद्‌गंध

भुईकोट यांच्याशी सहमत, पण कारण निराळे. दोघांच्याही लेखनात सैनिक आहेत, तोफा आहेत, धरणाची भिंतसुद्धा आहे. आल्सासचे लोक कोठे आहेत?

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाला तोंड फुटताच सीमेलगतची गावे रिकामी करण्यात आली. स्ट्रासबुर्गसारखे मोठे शहर माणसांवाचून ओस पडले आणि त्याचे नागरिक देशाच्या दुसऱ्या टोकाला पेरिग्यू भागात विस्थापित म्हणून राहिले. तटबंदीच्या पुढ्यात राहणे म्हणजे काय, ते या लोकांना पहिल्याच दिवशी कळले. १९४० मध्ये जर्मनीने हा प्रांत स्वतःला जोडून घेतला, आणि ऑगस्ट १९४२ पासून येथील तरुणांची सक्तीने जर्मन सैन्यात भरती सुरू केली. आल्सास आणि शेजारचा मोझेल मिळून सुमारे १,३०,००० माणसे अशी नेली गेली. त्यांतली बहुतेक रशियाच्या आघाडीवर पाठवली गेली आणि हजारो परत आली नाहीत. त्यांना तेथे ‘मालग्रे-नू’, म्हणजे ‘आमच्या मनाविरुद्ध गेलेले’ असे म्हणतात. ज्या गावांवरून शत्रूची वाट अडवायला हे घुमट बसवले होते, त्याच गावांतल्या मुलांच्या अंगावर दोन वर्षांत शत्रूचा गणवेश चढला. अशा प्रांतात ‘किल्ला पडला नाही’ हे वाक्य मला दिलाशासारखे वाटत नाही.

विसरल्या गेलेल्या माणसांचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एक नोंद करते. त्या हिवाळ्यात ब्रिटिशांच्या मदतीला भारतीय सैन्याच्या खेचर-तुकड्या फ्रान्समध्ये उतरल्या होत्या. त्यांतली एक याच तटबंदीच्या लोरेन भागात, सार आघाडीवर होती आणि जूनमध्ये ती जर्मनांच्या हाती सापडली. ती माणसे बहुतेक पंजाबकडची होती, मराठी नव्हती. पण तटबंदीच्या कथेत त्यांचे नाव घेतलेले मी तरी क्वचितच ऐकले आहे.

तोलकाटा

मृद्‌गंधताई, आपण सांगितलेला इतिहास मला मान्य आहे आणि त्याची धारही मान्य आहे. परंतु त्यासाठी शिरमेक येथे आल्सास-मोझेलचे स्वतंत्र स्मारक २००५ पासून आहे. प्रत्येक संग्रहालयाने सगळेच सांगायला घेतले तर भिंतींवर फलक तेवढे वाढतील आणि इंजिनाचा आवाज कोणाला ऐकू येणार नाही.

मृद्‌गंध

शिरमेकला मी गेले आहे. तेथे जाणारे लोक आणि शोननबूरला जाणारे लोक एकच असतात, असे आपण गृहीत धरता. माझ्या अनुभवात तसे नाही. घुमट पाहायला येणारा माणूस घुमट पाहून घरी जातो. सगळे सांगा असे मी म्हणतच नाही. दार उघडले त्या तारखेनंतर काय झाले, एवढे चार ओळींत सांगावे, इतकेच म्हणते.

रानवाट

‘पडला नाही’ हे किल्ल्याचे कर्तृत्व होते की परिस्थितीची कृपा, याचा विचार या चर्चेत व्हायला हवा. त्यासाठी याच तटबंदीच्या पश्चिम टोकाला असलेला ला फेर्ते पाहावा. तो मी दोन वर्षांपूर्वी पाहिला आणि त्यानंतर मला दुसऱ्या कोणत्याही मॅजिनो किल्ल्यात घुमटाचे कौतुक करता आलेले नाही.

ला फेर्ते लहान आहे. जमिनीवर दोन ठाणी आणि त्यांना जोडणारा खोल बोगदा, एवढाच त्याचा पसारा. त्याच्याजवळ स्वतःच्या लांब पल्ल्याच्या तोफा नव्हत्या. शेजाऱ्यांचा मारा आपल्याला सांभाळील या भरवशावर तो बांधला होता. १८ आणि १९ मे १९४० रोजी जर्मनांनी तो वेढला. त्यांचे सैनिक छतापर्यंत पोहोचले, त्यांनी घुमटांत स्फोटके टाकली आणि आत आगी लागल्या. उरलेली शिबंदी खालच्या बोगद्यात उतरली. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खाली साचत गेला. मुखवटे होते, पण ते युद्धातल्या वायूंसाठी बनवलेले. कार्बन मोनॉक्साइड त्यांतून अडत नाही. १०७ जण होते, त्यांतला एकही जिवंत बाहेर आला नाही.

तोलकाटा, आपण धरणाची उपमा दिलीत, पण तटबंदी भिंतीसारखी एकसंध नव्हती. ती एकमेकांना तोफांनी झाकणाऱ्या ठाण्यांची साखळी होती. कडी तुटलेल्या ठिकाणी काँक्रीट तेच, पोलाद तेच, माणसेही तितकीच धीराची होती, आणि तरीही त्यांची थडगी झाली. शोननबूरच्या शेजाऱ्यांनी साथ सोडली नाही म्हणून तो टिकला. त्यामुळे एका किल्ल्याने एकट्याने ‘मी पडलो नाही’ म्हणणे मला खटकते. भुईकोट यांच्याशीही माझा मतभेद आहे. यंत्राचे कौतुक वाईट नाही. वायू गाळणारी ती खोली आपण पाहिलीत, तिचे काम समजून घेतलेत, म्हणूनच ला फेर्तेच्या बोगद्यात नेमके काय घडले ते आपल्याला माझ्या या चार वाक्यांत कळले. ती समज नसती तर १०७ हा एक आकडा होता.

भुईकोट (धागालेखक)

रानवाट यांचे शेवटचे म्हणणे मला लागले. यंत्राच्या कौतुकाबद्दल मी लिहिले ते सरसकट होते, ते मागे घेतो. आर्देनच्या खिंडाराचा दोष काँक्रीटला देता येणार नाही, हे तोलकाटा यांचे म्हणणेही मान्य आहे.

एक गोष्ट मात्र सोडवत नाही, ती म्हणजे २५ जून ते १ जुलै हे सहा दिवस. युद्ध थांबले होते, तोफा गप्प होत्या, आतला शिधा आणि वीज शाबूत होती, आणि ती सहाशे माणसे दार लावून आदेशाची वाट पाहत बसली होती. आदेश आला तेव्हा ती बाहेर पडली, ती सरळ युद्धकैदी म्हणून. न हरलेली माणसे कैदेत गेली. त्या स्वयंसेवकाने ‘किल्ला पडला नाही’ याऐवजी ही सहा दिवसांची हकीकत सांगितली असती, तर मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच मिळाले असते. पुढच्या सुट्टीत त्याला ला फेर्तेला न्यावे की आधी शिरमेकला, यावर घरात विचार चालू आहे. बारा वर्षांच्या मुलासाठी ला फेर्ते जड होईल असे त्याच्या आईचे मत आहे.

तोलकाटा

आधी शिरमेक, मुलाच्या आईंचे म्हणणे बरोबर आहे.

त्या वाक्याबद्दल शेवटचे लिहितो. ते बदलायचेच असेल तर ‘१ जुलै १९४० रोजी आदेशावरून दार उघडले’ असे लिहावे, माझी हरकत नाही. त्याखाली मृद्‌गंधताईंच्या चार ओळीही येऊ द्याव्यात. फक्त ‘आदेशावरून’ हा शब्द कोणी गाळू नये.