ओपन सी ट्यूनिंग: सहावी तार लोंबते, पहिली टोचते, मायनर कॉर्ड सापडत नाहीत

मोकळ्या_तारा

अकूस्टिक गिटार, .०१२ ते .०५३ इंच जाडीच्या फॉस्फर ब्राँझ तारांचा संच. ओपन सी लावलंय, म्हणजे सहावीपासून पहिलीपर्यंत सी-जी-सी-जी-सी-ई. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तर मजा येते, पुढे मात्र अडतं. सहावी जरा जोरात वाजवली की खरखरते आणि तिसऱ्या फ्रेटवर दाबली की चढी बोलते. ट्यूनर सगळ्या तारा बरोबर दाखवतो, तरी सगळ्या एकदम छेडल्यावर पहिली तार कानाला टोचते. बार धरून (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) पाचव्या फ्रेटवर एफ आणि सातव्यावर जी मिळते, पण मायनर कशी काढायची? शिवाय दुसरी तार बीच्या वर चढवावी लागते, ती तुटेल का? तारांचा संच बदलावा की सरळ ओपन डी धरावं?

खुंटीकान

आधी ताणाचा हिशेब बघा, निम्मी उत्तरं त्यातच आहेत. तार आणि तिची लांबी तीच असेल तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सहावी ईवरून सीवर येते, चार सेमीटोन (म्हणजे चार फ्रेट) खाली. ताण उरतो ६३ टक्के. पाचवी (ए ते जी) आणि चौथी (डी ते सी) दोन-दोन सेमीटोन उतरतात, तिथे ७९ टक्के. तिसरी आणि पहिली जागच्या जागी. दुसरी एक सेमीटोन चढते, तिचा ताण १२ टक्क्यांनी वाढतो. चांगल्या स्थितीतली .०१६ ची तार एवढं आरामात सोसते. तुटलीच तर ती गंजलेली असेल किंवा खुंटीच्या भोकाची धार तिला कापत असेल.

सहावी चढी का बोलते? तार फ्रेटवर दाबली की ती किंचित ताणली जाते. मूळ ताण भरपूर असेल तर ही भर जाणवत नाही, ६३ टक्क्यांवर आल्यावर तीच भर सूर वर ढकलते. जोरात छेडल्यावर सुरुवातीचा सूर वर जाऊन मग खाली बसतो, त्याचंही कारण हेच. म्हणून सहावीवर बोट फ्रेटच्या अगदी मागे आणि हलकं ठेवा.

लावण्याचा क्रम: आधी सहावी, मग पाचवी, चौथी, आणि शेवटी दुसरी चढवा. प्रत्येक तार हव्या सुराच्या थोडी खाली नेऊन वर आणत लावायची. वरून खाली येऊन थांबलात तर खुंटीतला सैलपणा आणि नटमध्ये (नेकच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीत) अडकलेली तार दोन्ही नंतर सुटतात आणि सूर घसरतो. पहिली फेरी झाली की लगेच दुसरी करा. सहाही तारांचा मिळून ताण साधारण १२ टक्के कमी होतो, त्यामुळे नेक किंचित सरळ होते आणि आधी लावलेल्या तारा सरकतात.

ट्यूनर क्रोमॅटिक मोडवर (बाराही सूर ओळखणाऱ्या) असू द्या. गिटार मोड फक्त ई-ए-डी-जी-बी-ई शोधतो, खालच्या सीला तो भलतंच नाव देईल. सहावीची कंपनसंख्या ६५.४ हर्ट्झ आहे, तिथे काही ट्यूनरचा काटा नाचतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून) वाजवा, १३०.८ वर काटा स्थिर होतो.

ट्यूनर नसेल तर ७-५-७-५-४ लक्षात ठेवा: सहावीचा सातवा फ्रेट म्हणजे मोकळी पाचवी, पाचवीचा पाचवा म्हणजे चौथी, चौथीचा सातवा म्हणजे तिसरी, तिसरीचा पाचवा म्हणजे दुसरी, दुसरीचा चौथा म्हणजे पहिली. फक्त सहावीच्या ढिल्या तारेवर या पद्धतीने फार विसंबू नका. वर सांगितलं तसं ती दाबल्यावर चढी बोलते.

आता टोचणारी पहिली तार. आपल्या भाषेत हे ट्यूनिंग म्हणजे सा-प-सा-प-सा-ग. सा आणि प पाच तारांवर, गंधार एकट्या पहिलीवर. ट्यूनरचा गंधार शुद्ध मेळाच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढा असतो. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये ते खपून जातं, इथे मात्र खाली सा-पची भरभक्कम बैठक असल्याने लगेच उघडं पडतं. सबंध तुकडा सीच्या खर्जावरच फिरणार असेल तर पहिली १४ सेंट उतरवा. बाकीच्या कॉर्डही वाजवायच्या असतील तर ५-६ सेंटवर थांबा, कारण ए मायनरमध्ये हीच तार पंचम होते आणि एफमध्ये तिचा पहिला फ्रेट षड्ज होतो. तिथे १४ सेंट उतरलेली तार सरळ बेसूर वाटते.

सातवा_फ्रेट

कॉर्डचं सांगतो. आकडे सहावीकडून पहिलीकडे, × म्हणजे तार वाजवायची नाही.

ए मायनर: ×-२-०-२-०-० (दोन बोटांत काम होतं)
एफ: ०-२-०-२-०-१ (खाली सी राहतो, चालतं)
जी: ×-०-२-४-२-३
ई मायनर: ४-४-४-०-४-०
सी मायनर: ०-०-०-०-३-×

जीसाठी पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटवर चौथी ते दुसरी तार आडवं, मधलं पहिलीवर तिसऱ्या फ्रेटला, करंगळी किंवा अनामिका तिसरीवर चौथ्या फ्रेटला. हात अवघडला तर ×-०-२-०-२-३ वाजवा. त्यात गंधार नाही, पण खर्जाच्या साथीला ते जास्तच शोभतं. ई मायनरमध्ये दुसरीचा चौथा फ्रेट आणि मोकळी पहिली दोन्हीकडे एकच ई वाजतो, दोन तारा एका सुरात घुमतात. मात्र पहिली तार उतरवलेली असेल तर इथे दोन सुरांच्या फरकाने आवाजात लाटा ऐकू येतील, हे गृहीत धरा.

मायनरची अडचण कुठे आहे बघा. मेजर-मायनर ठरवणारा सूर एकाच तारेवर आहे. तो अर्धा सूर उतरवायचा तर बोट बारच्या एक फ्रेट मागे जायला हवं, आणि ते जमत नाही. म्हणून पहिली तार सोडून द्या आणि कोमल गंधार दुसरीवर घ्या: बारपासून तीन फ्रेट पुढे. दुसऱ्या फ्रेटवर बार आणि दुसरीवर पाचवा फ्रेट, म्हणजे २-२-२-२-५-×, झाली डी मायनर. हाच आकार सातव्या फ्रेटवर नेला तर जी मायनर. बारचं बोट थोडं आखूड धरून त्याच्या टोकाने पहिली तार नुसती स्पर्शून मुकी ठेवा.

आणखी एक गोष्ट लोक सहसा विसरतात. तिसरी आणि पहिली तार मूळ जागीच आहेत, म्हणजे त्या दोन तारांवरचे स्टँडर्डमधले षष्ठाचे (सहा सुरांच्या अंतराचे) सगळे जोड जसेच्या तसे चालतात. (तिसरी-पहिली) ०-०, २-१, ४-३, ५-५, ७-७, ९-८, १०-१०, १२-१२. खाली अंगठा ६-४-५-४ या तारांवर फिरवत ठेवा. नव्या ट्यूनिंगमध्ये पहिल्याच बसण्यात काहीतरी गाण्याजोगं हाती लागायचं असेल तर यापेक्षा सोपी वाट नाही. शिवाय पाचवी ही तिसरीची आणि चौथी ही दुसरीची खालची सप्तकजोडी आहे, त्यामुळे त्या तारांवरची कोणतीही ओळ दोन तारा सरकवून खालच्या सप्तकात तशीच वाजते.

अर्धा_सूर

वरच्या उत्तराशी सहमत, पण मायनर जास्त लागत असतील तर उलटा रस्ता धरा. पहिली तार ईवरून ई फ्लॅटवर उतरवा. आता मोकळ्या तारा सी मायनर देतात, कुठेही सरळ बार धरला की मायनर. मेजर हवी तेव्हा पहिलीवर एक फ्रेट पुढे बोट ठेवायचं. मागे जाता येत नाही, पुढे येतं, एवढाच हा खेळ. मोकळ्या तारेवरून पहिल्या फ्रेटवर हॅमर-ऑन केला (वाजत्या तारेवर बोट आपटलं) की कोमल गंधारातून शुद्ध गंधारात जाता येतं, ब्लूजवाले त्यावरच जगतात. तोटा एकच, वर दिलेले षष्ठाचे जोड पहिलीवर एक-एक फ्रेट पुढे सरकतात.

ओपन डीबद्दल: डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. सहावी दोनच सेमीटोन उतरते, ताण ७९ टक्के, त्यामुळे तारा न बदलता चालतं. पण मायनरची गोची तिथेही तीच, फक्त गंधार तिसऱ्या तारेवर असतो. तेवढ्यासाठी ट्यूनिंग बदलण्यात अर्थ नाही.

खरखर थांबवायला लगेच नव्या तारा आणू नका. आधी नेकचा बाक तपासा. सहावी पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकदम दाबा, मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट आहे बघा. ०.२ ते ०.२५ मिमी ठीक. काहीच फट नसेल तर ताण उतरल्याने नेक सरळ झाली आहे. ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) अष्टमांश वळसा सैल करा, पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. एका वेळी पाव वळशापेक्षा जास्त नको.

मोकळ्या_तारा

बाक ०.१ मिमीच्या आसपास निघाला. अष्टमांश वळसा सैल केल्यावर खरखर मोकळ्या तारेवरून गेली, पण तिसऱ्या फ्रेटवर अजून आहे आणि सूर चढा लागतोच. म्हणजे सहावी जाड घ्यावी लागेल. .०५६ की .०५९? आणि नटच्या खाचेचं काय?

खुंटीकान

.०५६ ने ताण ७० टक्क्यांच्या आसपास जातो, .०५९ ने ७८. म्हणजे .०५९ घेतली तर सहावी आणि पाचवी हाताला सारख्या लागतात. हे ट्यूनिंग कायम ठेवणार असाल तर .०५९, अधूनमधून स्टँडर्डवर येणार असाल तर .०५६. .०५९ ईवर चढवली तर ताण .०५३ च्या सुमारे सव्वापट होतो. बाकीच्या तारा तशाच असू द्या.

.०५३ म्हणजे १.३५ मिमी, .०५६ म्हणजे १.४२, .०५९ म्हणजे १.५ मिमी. .०५६ बहुतेक खाचांत विनातक्रार बसते. .०५९ खाचेत न बसता वरच अडकून राहू शकते. खुंटी फिरवताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर खाच अरुंद आहे असं समजा. पेन्सिलीच्या शिशाची पूड घालून बघा. तरीही अडत असेल तर तारेइतक्याच किंवा अगदी थोड्या जास्त रुंदीच्या नट-फाइलने फक्त बाजू मोकळ्या करा, तळ खोल करू नका. फाइलचा उतार हेडस्टॉककडे ठेवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकते. उतार उलटा झाला तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते आणि मग नटच बदलावा लागतो.

तार बसल्यावर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर ताडून बघा. दाबलेला सूर अजूनही ८-१० सेंट चढा असेल तर सहावीपुरता सॅडलचा (बॉडीच्या बाजूला तारा टेकतात त्या पट्टीचा) टेकू किंचित मागे न्यावा लागेल. ते काम हाडाच्या सॅडलवर कानस घेऊन होतं, पण एकदा घासलेलं परत भरता येत नाही, म्हणून दोन-तीन दिवस तार स्थिरावू द्या आणि मगच ठरवा.